हट्टी फाईल

(संगणकावर काम करताना नको असलेल्या फायली आपण काढून टाकतो, पण एखादी फाईल काही केल्या निघत नाही. असे का होते आणि अशा वेळी काय करावे, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे. बळ वापरण्याआधी कारण शोधावे, हा या पाठाचा सांगावा आहे.)



समजा, तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन नुकतेच पार पडले. त्याची उर्दू निमंत्रणपत्रिका तुम्ही शाळेच्या संगणकावर इनपेजमध्ये तयार केली होती. आता जुन्या, कच्च्या फायली काढून जागा मोकळी करायची आहे. तुम्ही एकेक फाईल निवडता आणि डिलीटची कळ दाबता. सगळ्या फायली जातात. एकच मागे राहते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले! तुम्ही पुन्हा कळ दाबता. पडद्यावर पुन्हा तोच निरोप येतो. त्याचा अर्थ असा, की ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, म्हणून हे काम पूर्ण होऊ शकत नाही.

अशा वेळी आपल्याला राग येतो. 'काय हट्टी फाईल आहे!' असे आपण म्हणतो. खरे पाहता फाईलला हट्ट नसतो. नकार देते ती संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी मुख्य व्यवस्था. तिच्या नकारामागे कारण असते. ते कारण कळले, की अर्धे काम झालेच म्हणून समजा.

फाईल पुसणे म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. 'दप्तर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत शाळेच्या पिशवीलाही दप्तर म्हणतात आणि जपून ठेवलेल्या कागदपत्रांनाही दप्तर म्हणतात. संगणकाची डिस्क हे असेच एक मोठे दप्तर आहे. कोणती फाईल कोठे ठेवली आहे, याची त्यात एक नोंदवही असते. आपण फाईल पुसतो तेव्हा संगणक तिचा सगळा मजकूर खोडत बसत नाही. तो वहीतली नोंद रद्द करतो आणि 'ही जागा आता मोकळी आहे' अशी खूण करतो. जुन्या डॉस कार्यप्रणालीत तर फाईलच्या नावातले पहिले अक्षर बदलून तेथे खूण केली जाई. म्हणूनच मोठी फाईलसुद्धा क्षणात जाते. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर रिसायकल बिन आली. ही संगणकातली कचरापेटी. पुसलेली फाईल आधी तिच्यात जाते आणि चुकून पुसली असेल तर परत काढता येते.

आता कल्पना करा. ग्रंथालयात एक मुलगी पुस्तक वाचत बसली आहे. ग्रंथपालांनी त्या पुस्तकाची नोंद खोडली आणि ते रद्दीत दिले, तर तिचे वाचन मध्येच तुटेल. संगणकातही तसेच आहे. एखादा प्रोग्रॅम फाईल वाचत असतो किंवा तिच्यात लिहीत असतो. त्याच वेळी तिची जागा दुसऱ्या फाईलला दिली, तर दोन्हींचा मजकूर एकमेकांत मिसळेल. म्हणून विंडोज साधारणपणे उघडी फाईल पुसू देत नाही. लिनक्सची रीत थोडी वेगळी आहे. तेथे फाईलचे नाव लगेच नाहीसे होते, पण तिचा मजकूर शेवटचा प्रोग्रॅम ती बंद करीपर्यंत डिस्कवर राहतो. दोघांच्या रीती निराळ्या, पण हेतू एकच. ज्याचे काम चालू आहे, त्याचे नुकसान होऊ नये.

तेव्हा फाईल जात नसेल, तर पहिला प्रश्न विचारा : ही फाईल कोणी धरून ठेवली आहे?

सर्व उघडे प्रोग्रॅम बंद करा. बंद करण्यापूर्वी आपले काम जतन करण्यास विसरू नका. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लहान चित्रांच्या रूपाने काही प्रोग्रॅम चालू असतात, तेही पाहा. फोल्डरच्या खिडकीत उजवीकडे फाईलची झलक दिसत असेल, तर ती झलक बंद करा; कारण झलक दाखवण्यासाठीही फाईल उघडावी लागते. कधी कधी विषाणूरोधक प्रोग्रॅम त्या फाईलची तपासणी करत असतो. एक-दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा.

तरीही फाईल जात नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. चालू असलेल्या प्रोग्रॅमची ती हजेरी असते. खिडकी बंद झाली तरी काही प्रोग्रॅम मागे चालूच राहतात. त्यांची नावे तेथे दिसतात. विंडोज ७ पासून रिसोर्स मॉनिटरमध्येही एक उपयुक्त सोय आहे. त्यातील सीपीयूच्या पानावर फाईलचे नाव लिहून शोधले, की ती कोणत्या प्रोग्रॅमच्या हातात आहे हे कळते. त्या प्रोग्रॅमचे काम थांबवले, की फाईल सुटते. मात्र असे थांबवताना जतन न केलेले काम जाते, हे ध्यानात ठेवा. ज्याचे नाव ओळखीचे नाही, तो प्रोग्रॅम घाईने थांबवू नका.

यापेक्षाही सोपा उपाय म्हणजे संगणक पुन्हा सुरू करणे. बहुतेक वेळा एवढ्यानेच सुंठीवाचून खोकला जातो. त्यासाठी 'शट डाऊन' नव्हे, तर 'रीस्टार्ट' निवडा. विंडोज ८ पासून लवकर सुरू होण्याची एक सोय आली आहे. ती चालू असेल तर 'शट डाऊन' केल्यावर विंडोजचा आतला काही भाग तसाच जपून ठेवला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. तरीही काम झाले नाही, तर 'सेफ मोड' आहे. त्यात विंडोज फक्त आवश्यक तेवढेच भाग सुरू करते. त्यामुळे फाईल धरून बसणारा प्रोग्रॅम बहुधा सुरूच होत नाही.

दुसरा प्रश्न असा : ही फाईल कोणाची आहे?

शाळेचा संगणक अनेकांचा असतो. प्रत्येक फाईलला मालक असतो आणि कोणी ती वाचावी, कोणी बदलावी, कोणी पुसावी, हे ठरलेले असते. 'तुम्हाला परवानगी हवी' असा निरोप आला, तर तो वाचून थांबा. ती फाईल दुसऱ्या वर्गाची असू शकेल. कोणाच्या तरी प्रकल्पाची अनेक दिवसांची मेहनत तिच्यात असू शकेल. अशा वेळी संगणकाशी झगडण्यापेक्षा शिक्षकांना विचारणे हाच खरा उपाय होय. कॅमेऱ्याच्या कार्डावरची फाईल जात नसेल, तर कार्डाच्या कडेला पाहा. पुष्कळ कार्डांना तेथे लहानसे सरकते बटण असते. ते 'लॉक'कडे सरकले असेल, तर कार्डावर लिहिता येत नाही आणि पुसताही येत नाही.

कधी कधी अडचण फाईलच्या नावातच असते. विंडोजमध्ये फाईलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंत सगळा मिळून, साधारणपणे २६० अक्षरांच्या मर्यादेत असावा लागतो. फोल्डरमध्ये फोल्डर करत गेले आणि प्रत्येकाला लांबलचक नाव दिले, की ही मर्यादा ओलांडली जाते. मग वरच्या फोल्डरची नावे आखूड करा. पत्ता लहान होतो आणि फाईल निघते. काही नावे तर विंडोजमध्ये ठेवताच येत नाहीत. 'कॉन', 'ऑक्स' आणि 'नल' ही त्यांपैकी तीन. ही नावे १९८१ साली आलेल्या डॉसच्या काळापासून राखून ठेवलेली आहेत. उदाहरणार्थ, 'कॉन' म्हणजे कळफलक आणि पडदा. लिनक्सवर अशा नावाची फाईल सहज तयार होते. पेन ड्राइव्हमधून ती विंडोजवर आली, की साध्या रीतीने पुसली जात नाही. ती लिनक्सच्या संगणकावरच पुसावी, हे सोपे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : ही फाईल कशाची आहे?

पुसलेली फाईल पुन्हा पुन्हा परत येत असेल, तर ती विषाणूची असण्याचा संभव असतो. तेव्हा फाईलच्या मागे न लागता विषाणूरोधक प्रोग्रॅमने पूर्ण तपासणी करावी. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज नेहमीप्रमाणे सुरू होण्याआधीच तपासणी करण्याची सोय आहे. विषाणू जागा होण्यापूर्वीच तो सापडतो.

परंतु प्रत्येक अनोळखी फाईल विषाणूची नसते. या बाबतीत २००२ साली घडलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वर्षी जगभर एक ई-मेल फिरत होती. तिच्यात लिहिले होते, की तुमच्या संगणकात एक विषाणू आहे, तो चौदा दिवस झोपून राहतो आणि विषाणूरोधक प्रोग्रॅमलाही सापडत नाही. फाईलचे नाव दिले होते आणि तिच्यावर अस्वलाच्या पिल्लाचे चित्र असते, अशी खूणही सांगितली होती. लोकांनी शोधले, तर खरोखरच अस्वलाची फाईल सापडली! घाबरून त्यांनी ती पुसली आणि तीच ई-मेल आपल्या मित्रांना पाठवली. प्रत्यक्षात ती फाईल विंडोजबरोबरच आलेली होती. जावा भाषेतील प्रोग्रॅमच्या चुका शोधण्याच्या कामी ती येई. आदल्याच वर्षी, २००१ साली, विंडोजच्या दुसऱ्या एका खऱ्या फाईलबद्दल अशीच अफवा पसरली होती. लांब नावे परत मिळवून देणारी ती फाईलही लोकांनी आपल्याच हातांनी पुसली. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात, ते हेच!

तेथे विषाणू नव्हताच. पसरली ती अफवा. संगणकाने त्या फायली पुसू दिल्या आणि तेथेच घात झाला. म्हणजे काही वेळा संगणकाचा नकार आपल्या भल्यासाठी असतो आणि काही वेळा त्याचा होकारही आपल्याला वाचवत नाही. विचार आपल्यालाच करावा लागतो. 'कोणतीही फाईल चुटकीसरशी काढा' असे सांगणारे अनोळखी प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घेणेही धोक्याचे आहे. कधी कधी रोगापेक्षा इलाज भयंकर ठरतो.

मित्रांनो, आता एखादी फाईल अडून बसली, तर कळ आपटू नका. तीन प्रश्न विचारा. कोणी धरली आहे? कोणाची आहे? कशाची आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर फाईल काढणे अवघड नाही. उत्तरे मिळाली नाहीत, तर ती तशीच राहू द्या. एक जादा फाईल राहिली म्हणून कोणाचे बिघडत नाही. नको ती फाईल गेली, तर मात्र कोणाची तरी मेहनत कायमची जाते.

शब्दार्थ

हट्टी – जिद्दी
सांगावा – निरोप, संदेश
कार्यप्रणाली – संगणकाचे सर्व काम चालवणारी मुख्य व्यवस्था
जतन करणे – जपून ठेवणे
झलक – ओझरते दर्शन
विषाणू – येथे अर्थ, संगणकात शिरून नुकसान करणारा प्रोग्रॅम
अफवा – खोटी बातमी
घात होणे – मोठे नुकसान होणे
सुंठीवाचून खोकला जाणे – विशेष उपाय न करता त्रास मिटणे
साप म्हणून भुई धोपटणे – नसलेल्या संकटाला घाबरून धडपड करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फाईल पुसण्यास नकार कोण देते?
(आ) रिसायकल बिन कोणत्या साली आली?
(इ) २००२ सालच्या अफवेतील फाईलवर कशाचे चित्र होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) विंडोज उघडी फाईल पुसू देत नाही.
(आ) 'शट डाऊन'ऐवजी 'रीस्टार्ट' निवडावे.
(इ) अनोळखी प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घेऊ नये.

प्र. ३. 'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' ही म्हण वापरून तुमच्या अनुभवातील एक प्रसंग चार-पाच वाक्यांत लिहा.

प्र. ४. दप्तर, मालक, अफवा, इलाज हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते सांगा. या पाठातून असे आणखी चार शब्द शोधा.

उपक्रम : शाळेच्या संगणकावर तुमच्या वर्गाच्या कोणत्या फायली आहेत, त्यांची यादी शिक्षकांच्या मदतीने करा. प्रत्येक फाईलपुढे ती कोणाची आणि कशाची आहे, ते लिहा.