शॉर्टकट बदलायला दर वेळी पैसे का मोजायचे?

डीटीपीचं दुकान असो की वकिलांचं ऑफिस, रोज तोच मजकूर टाइप करून कंटाळा आला की ओळखीचा कुणीतरी ऑटोहॉटकी या सॉफ्टवेअरची स्क्रिप्ट करून देतो. दोन-तीन कळा दाबल्या की पत्ता, जीएसटी नंबर, बँकेचा तपशील हजर. पैसे एकदाच द्यायचे असं वाटतं. आठवड्याने ऑपरेटर म्हणतो, "या कळा माझ्या हाताला बसत नाहीत." खरा खर्च तिथून सुरू होतो.

शॉर्टकट स्क्रिप्टच्या पोटातच लिहिलेले असतील तर बदलासाठी करणाऱ्यालाच बोलवावं लागतं. एका फेरीचे ३०० रुपये धरा. तीन ऑपरेटर, प्रत्येकाचे दोन वेगवेगळ्या वेळी बदल, म्हणजे १,८०० रुपये. तेच शॉर्टकट शेजारच्या आयएनआय फाइलीत, म्हणजे साध्या सेटिंग फाइलीत ठेवले, तर एक ओळ बदलून स्क्रिप्ट रीलोड केली की काम झालं. म्हणून काम सांगतानाच सेटिंग फाइल मागून घ्या.

ऑटोहॉटकी मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि फक्त विंडोजवर चालतं. सेटिंग फाइल बदलायला लागणारं नोटपॅड आपल्याकडे असतंच. पैसे पडतात ते करणाऱ्याच्या वेळेचे. पाच-सहा शॉर्टकटच्या स्क्रिप्टला फाइल जोडायला मला दोन-तीन तास लागतात. त्यातला बराच वेळ कुठली कळ कशाला नडते हे तपासण्यात जातो, आणि तो वाचवू नये. एका दुकानात मी बिलाच्या तळटिपेला कंट्रोल, आल्ट आणि ४ या कळा दिल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला: रुपयाचं चिन्हच उमटत नाही! इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर ₹ नेमकं याच कळांनी येतं. उजवी आल्ट आणि ४ दाबलं तरी विंडोज ते तसंच धरतं. बिलांचं दुकान, आणि मी त्यांचा रुपयाच अडवून ठेवला होता. तेव्हा सेटिंग फाइल नव्हती, त्यामुळे एवढ्यासाठी मला परत जावं लागलं. तेव्हापासून फाइलीशिवाय मी स्क्रिप्ट देत नाही.

फाइल वाचायला सोपी असते. डावीकडे कामाचं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे कळा. ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे आल्ट, + म्हणजे शिफ्ट, # म्हणजे विंडोजची कळ. या चार खुणा फाइलीच्या डोक्यावर मराठीत लिहून घ्या. ओळ खोडली गेली तर मूळ शॉर्टकट चालला पाहिजे, आणि चुकीची कळ लिहिली तर स्क्रिप्ट बंद न पडता कुठली ओळ चुकली ते सांगितलं पाहिजे. दोन कामांना एकच कळ दिली असेल तर तेही. कंट्रोल-आल्ट-डिलीट मात्र मागू नका, ते विंडोज कुणाला देत नाही.

मराठी मजकूर त्याच फाइलीत ठेवणार असाल तर इथे हमखास घोळ होतो. आजचं नोटपॅड फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवतं, पण ऑटोहॉटकी आयएनआय वाचण्यासाठी विंडोजची जी जुनी सोय वापरतं तिला युनिकोड कळतं ते फक्त यूटीएफ-१६ मधलं. मग 'श्री' च्या जागी अगम्य अक्षरं उमटतात. 'सेव्ह ॲज' मध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-१६ एलई' निवडायचं, एवढंच. याचे कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

स्क्रिप्ट आवृत्ती २ मध्येच लिहून घ्या. ती २०२२ च्या डिसेंबरात आली, आणि जुन्या आवृत्तीतली स्क्रिप्ट तिच्यात जशीच्या तशी चालत नाही. नाहीतर पुढे कधीतरी सगळं पुन्हा लिहायचा खर्च अंगावर येईल. स्क्रिप्टची एक्झी फाइल करून घेण्याचा आग्रह शक्यतो नको. अँटिव्हायरस कधीकधी तिलाच व्हायरस समजून अडवतो. शिवाय एक्झीच्या मेनूत 'रीलोड' आपोआप येत नाही, ते मुद्दाम घालावं लागतं. नाहीतर दर बदलानंतर स्क्रिप्ट बंद करून पुन्हा सुरू करा. सेटिंग फाइल 'प्रोग्राम फाइल्स' मध्ये ठेवू देऊ नका, तिथे साठवताना ॲडमिनची परवानगी लागते. आणि नवी आवृत्ती टाकताना ऑपरेटरने बदललेली फाइल पुसली जाणार नाही, हेही आधीच ठरवून घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी ऑपरेटरला खुर्चीत बसवा आणि करणाऱ्याला उभं राहू द्या. ऑपरेटरने स्वतः फाइल उघडून एक शॉर्टकट बदलावा, रीलोड करावं, वर्डमध्ये आणि तुमच्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो चालवून पाहावा. मग ₹ टाइप करून पाहावं. दोन्ही उमटलं की पैसे द्या.