काचतंतूंना कार्बन नलिकांचे बळ

काच म्हटली की तिचा ठिसूळपणाच प्रथम डोळ्यांपुढे येतो. परंतु हीच काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू काढले, की तिच्या अंगी पोलादाशी स्पर्धा करणारी ताकद येते. काच फुटते ती तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरांमुळे. बारीक तंतूत मोठ्या चिरांना वावच राहत नाही, हे या सामर्थ्याचे रहस्य होय. असे तंतू किंवा त्यांचे विणलेले कापड एपॉक्सी वा पॉलिएस्टर राळेत बसविले म्हणजे संमिश्र पदार्थ तयार होतो. व्यवहारात तो ‘फायबर ग्लास’ या नावाने परिचित आहे. त्याचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि तो गंजत नाही. म्हणूनच होड्या, रसायनांच्या टाक्या आणि सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर दिसतात तशा पवनचक्क्यांची पाती यांसाठी त्याचा वापर होतो.

थरांमधील उणीव

या पदार्थात काचेच्या कापडाचे थर एकावर एक रचलेले असतात. थराच्या दिशेने येणारा ताण तंतू पेलतात. मात्र दोन थरांच्या मध्ये केवळ राळ असते. पवनचक्कीचे पाते वाऱ्याने वर्षानुवर्षे लवत राहते, तेव्हा या राळेत चिरा पडून थर सुटू लागतात. हे नुकसान आत होत असल्याने बाहेरून सहसा दिसत नाही, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे ठरते.

राळेलाच बळकटी

या उणिवेवर उपाय म्हणून संशोधकांचे लक्ष कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांकडे वळले. जपानचे शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केल्यापासून या संशोधनास वेग आला. कार्बन अणूंच्या षट्कोनी जाळीची सुरळी करावी, अशी या नलिकांची रचना असते. त्यांचा व्यास काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या 100 कोटीव्या भागाच्या काही पट इतकाच असतो; ताठपणा मात्र काचतंतूच्या 10 पटींहूनही अधिक असू शकतो. राळेत मिसळलेल्या नलिका चिरेच्या दोन्ही कडांना टाक्यांप्रमाणे धरून ठेवतात.

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. राळेत वजनाच्या अवघ्या 0.3 टक्के, म्हणजे किलोमागे 3 ग्रॅम नलिका मिसळल्या असता थरांना एकमेकांवरून सरकविणाऱ्या ताणास होणारा विरोध सुमारे 20 टक्क्यांनी वाढला. मात्र थर उकलत जाण्यास होणाऱ्या विरोधात त्याच प्रयोगात वाढ आढळली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आणखी एक लाभ आहे. काच व राळ विद्युतरोधक आहेत, तर नलिकांचे जाळे वीज वाहून नेते. चीर पडताच हे जाळे तुटून विद्युतरोध वाढतो. त्यावरून आतील बिघाड वेळीच ओळखता येतो, हे अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिले.

अडचणी आणि दक्षता

परस्परांतील आकर्षणामुळे नलिकांच्या गुठळ्या होतात. गुठळी राहिल्यास तेथूनच चीर सुरू होऊ शकते. म्हणजे बळकटीऐवजी दुर्बलताच पदरी पडते. त्यासाठी स्वनातीत लहरींचा किंवा तीन रुळांच्या यंत्राचा उपयोग करून त्या विखुरतात. काही वेळा नलिकांच्या पृष्ठभागावर राळेशी जोडले जाणारे रासायनिक गट बसवितात. नलिकांचे प्रमाण वाढले की राळ घट्ट होते, ती कापडात नीट झिरपत नाही, आणि कापडच गाळणीप्रमाणे नलिका अडवून धरते.

कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कोरड्या नलिकांची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये बहुभित्ती नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराची गणना कर्करोगाला संभाव्यतः कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केली. त्यामुळे नलिका बंदिस्त यंत्रणेत हाताळणे, तसेच घासकाम व कापकाम करताना धूळ शोषून घेण्याची सोय करणे अगत्याचे आहे.

चिमूटभर द्रव्याने पात्याचे आयुष्य वाढले, तर दुरुस्तीचा खर्च आणि वाया जाणारी वीज या दोहोंची बचत होईल. परंतु ते पाते घडविणाऱ्या हातांचे आरोग्य सांभाळले गेले, तरच ही प्रगती खऱ्या अर्थाने लाभदायक म्हणता येईल.