पुढे पाठविलेले पत्र कोणाचे?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि नोकरीनिमित्त देशभरातील कुटुंबे तेथे येऊ लागली. अशा कुटुंबापैकी कोणी निवृत्तीनंतर नागपूरला राहावयास गेले आणि त्यांच्या नावे भिलाईला पत्र आले, तर जुना पत्ता खोडून त्यावर नवा लिहिला जातो. लिफाफा मात्र फोडला जात नाही. त्यामुळे पत्र कोणी लिहिले याविषयी संशय उरत नाही.

ई-मेल पुढे पाठविताना बहुधा नवेच पत्र तयार होते. प्रेषक म्हणून पुढे पाठविणाऱ्याचे नाव येते. मूळ लेखकाचे नाव व दिनांक खालच्या मजकुरात जातात आणि तो मजकूर कोणालाही बदलता येतो. अनेकांचा पत्रव्यवहार एकत्र नोंदविणारा संगणक केवळ वरचे नाव वाचत असेल, तर एकाची तक्रार दुसऱ्याच्या नावावर जमा होते आणि उत्तरही भलत्यालाच जाते.

१९८२ सालच्या ई-मेलविषयक नियमांत यावर एक तोड होती. मूळ शीर्षभाग तसाच ठेवून पुनःप्रेषकाची नोंद त्यात स्वतंत्रपणे जोडता येई. १९९२ च्या मानकाने संपूर्ण पत्र जोडपत्र म्हणून पाठविण्याचीही सोय केली. या दोन्ही रीतींत लेखक व पाठविणारा वेगळे ओळखता येतात. मात्र खाजगी मजकूर पुढे पाठवावा की नाही, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. त्यासाठी मूळ लेखकाची संमतीच घ्यावी लागते.