क्लेमच्या टेबलावरून दर्भासनावर

मी पौरोहित्य करते. लग्नमुंजीही लावते, पण मुख्यतः अंत्येष्टी, दहावा, वर्षश्राद्ध. त्याआधी छापखान्यात प्रुफं तपासली, मग विमा कंपनीत मृत्यूच्या क्लेमचं टेबल सांभाळलं. नवरा गेल्यावर इकडे वळले. ‘हे कसं काय सुचलं?’ असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. हाक वगैरे काही ऐकू आली नाही. संतचरित्रांत साक्षात्काराचा एक क्षण असतो, तसा माझ्याकडे नाही. दुपारी घर खायला उठायचं, म्हणून मी पौरोहित्याच्या वर्गाची चौकशी केली, इतकंच. तिथे संथा सुरू झाली. गुरुजींनी एकदा म्हणायचं, आपण दोनदा. तेवढा वेळ डोक्यातलं चक्र थांबायचं. पाठांतर आधी झालं, श्रद्धा मागाहून आली. तीही रोज मुक्कामाला असते असं नाही. ज्यांना आतून ओढ लागण्याची वाट पाहायची आहे त्यांनी पाहावी, पण तोवर एखादं स्तोत्र पाठ करायला काय हरकत आहे?

२. जुनं काम वाया जात नाही. आमचा छापखाना खिळ्यांचा. ऑफसेट आणि संगणकावरची अक्षरजुळणी आली, तेव्हा खिळे भंगारात गेले आणि आम्ही घरी. पण विसर्ग, अवग्रह, जोडाक्षरं नजरेत बसली होती, ती पोथी वाचताना कामी आली.

विम्याच्या टेबलाने याहून मोलाचं शिकवलं. समोर बसलेली बाई कालपरवा कुंकू पुसलेली असायची आणि तिच्याकडे मागायचा मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, बँकेचं पासबुक. एक कागद कमी पडला की पुन्हा खेप. मी सगळं एकदाच, मोठ्या अक्षरात लिहून द्यायला लागले. आजही तेच करते. काळे तीळ, जव, दर्भ, पिंडांसाठी भात, ताम्हण, पळी-पंचपात्र असं सगळं किती लागेल, कुठे मिळेल, घरातलं काय चालेल, ते आदल्या दिवशी यजमानांना कळवते. दुःखातल्या माणसाला धीराच्या चार शब्दांपेक्षा नेमकी यादी जास्त आधार देते, असं माझं ठाम मत आहे.

३. पहिल्या वर्षात काही ठरवू नये. तेराव्याच्या पंगतीतच मला एकीने सगळं सोडून आश्रमात राहायला जायचा सल्ला दिला होता. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी नोकरी सोडली नाही, घर विकलं नाही, कपाटही आवरलं नाही. त्या दिवसांत काहीही पटतं, म्हणून जपायचं.

४. अर्थ सांगितलाच पाहिजे. नवऱ्याचा दहावा ओंकारेश्वराच्या घाटावर झाला. गुरुजींच्या मागे पुढचं कार्य उभं होतं. ‘पाणी सोडा, तीळ घाला’ यापलीकडे काही कळलं नाही. लेकीला तर बाजूलाच उभं केलं. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला आणि उठलो.

पुढे शिकताना अश्म्याशी येऊन थांबले. स्मशानात मडकं फोडलेला तो दगड दहा दिवस सांभाळतात, त्याला गेलेल्या माणसाच्या जागी मानून त्यावर तिलोदक देतात. आमच्याकडे तो मोरीजवळ एका पिशवीत पडून होता आणि तो कशासाठी, हे कुणालाच माहीत नव्हतं. आता मी तो आधी यजमानांच्या हातात देते, काय आहे ते मराठीत सांगते, मग मंत्र. लेक असेल तर तिला पुढे बसवते. अर्थ समजला की लोक रडतात, पण बावचळत नाहीत.

५. आपण पहिले नसतो. पुण्यात शंकरराव थत्ते, म्हणजे थत्तेमामा, यांनी उद्यान मंगल कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवलं, त्याला काही दशकं झाली. ज्ञान प्रबोधिनीने बायकांना आणि सर्व जातींच्या लोकांना हे काम खुलं केलं, सोबत मराठी अर्थाच्या पोथ्या काढल्या. आणि भटजीवाचून विधी होऊ शकतात हे तर जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३मध्येच दाखवलं होतं. तरी मला अजून ‘श्राद्धाला चालाल, लग्नाला सवाष्ण बघतो’ हे ऐकावं लागतं. हा हिशेब मला मुळीच पटत नाही. वाद घालत बसत नाही, पण जे लग्नाला बोलावतात त्यांच्याकडे आनंदाने जाते.

६. दक्षिणा आधी सांगावी. ‘तुमच्या इच्छेला येईल ते’ म्हटलं की यजमान उगाच अवघडतो. ज्याला झेपत नाही त्याला तसं सांगायला सोपं जातं, आणि मग घेऊ नये.

७. नावं विचारावीत. श्राद्धात वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. तशाच आई, आजी, पणजी. पणजोबांचं नाव कुणीतरी चाचरत सांगतं. पणजीचं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग गावाकडच्या आत्याला फोन जातो आणि विधी थांबतो. मला ते थांबणं आवडतं. फोनवरची आत्या नावासोबत दोन गोष्टी सांगते, त्या घरात कुणी कधी ऐकलेल्या नसतात. तर्पणाच्या शेवटी, ज्यांच्यामागे पाणी द्यायला कुणीच उरलं नाही त्यांनाही ओंजळ असते. माझा देवावरचा विश्वास कमीजास्त होतो, त्या ओंजळीवरचा होत नाही.

तेव्हा एवढं करा. घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर पणजीचं नाव आजच विचारून वहीत लिहून ठेवा. माहेरचंसुद्धा.