मोटरसायकलचे जाकीट घरी शिवताना

वार्षिक अंकासाठी अभ्यासपूर्ण लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी जरा बिचकलेच. वर्गातील इतरांनी संतसाहित्य, ग्रामीण कथा, पाणीप्रश्न असे विषय घेतले. मी गेले पाच महिने ज्याचा खरोखर अभ्यास केला तो विषय म्हणजे अंगाबरोबर बसणारे मोटरसायकलचे जाकीट. कलाशाखेच्या अंकात तो शोभेल की नाही, हे संपादक मंडळाने ठरवावे.

आमचे गाव निफाड तालुक्यात, कॉलेजपासून 11 किलोमीटरवर. पहिला तास साडेसातचा आणि एस.टी. गावात येते आठला. म्हणून वडिलांची जुनी मोटरसायकल मी शिकून घेतली. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा दर हिवाळ्यात छापून येतो. पण तो पारा स्थिर हवेचा. गाडीवर बसले की वारा स्वेटरच्या विणीतून थेट छातीला लागतो. प्रथम वर्षाच्या डिसेंबर-जानेवारीत खोकल्याने माझे सकाळचे इतके तास बुडाले की वडील म्हणाले, "पुढच्या थंडीत गाडी बंद. जमेल तेवढं कॉलेज कर." जमेल तेवढे म्हणजे किती, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. जमेल तेवढ्याचा हिशोब कुणालाच येत नव्हता.

नाशिकला जाऊन तयार जाकिटे पाहिली. मुलांची मला खांद्यात ओघळत, मुलींची नुसती दिसायला, आत वारा शिरेल अशी. किंमत दोन्हींची आवाक्याबाहेर. मात्र घरात आईचे शिवणयंत्र होते. आई सातवीपर्यंत शिकली आहे. हंगामात ती दिवसा द्राक्षबागेत मजुरीला जाते आणि रात्री गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते.

ज्याला आपण मोटरसायकलचे जाकीट म्हणून ओळखतो, त्याचा नमुना 1928 सालचा आहे. न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉट यांनी घोड्याच्या कातड्याचे, पुढे बटणांऐवजी चेन लावलेले जाकीट काढले. आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून त्यांनी त्याला 'परफेक्टो' म्हटले आणि ते साडेपाच डॉलरला विकले गेले. चेन तेव्हा नवीच होती. गिडियन सुंडबॅक या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अभियंत्याला अमेरिकेत तिचे पेटंट 1917 साली मिळाले होते. पुढे 1953 साली 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडो अशा घाटाचे जाकीट घालून आला आणि ते बंडखोर तरुणांचा पोशाख झाले. बहुतेकांना जाकीट आठवते ते ब्रँडोमुळे. मला त्याच्यापेक्षा त्याच्या जाकिटाने जास्त विचारात पाडले. चेन मधोमध नाही, तिरपी का? लांबी कमरेशीच का संपते? पाठीला चुण्या कशाला?

उत्तरे गाडीवर बसल्यावर सापडतात. तिरप्या चेनमुळे छातीवर कापडाचे दोन पदर येतात आणि वाऱ्याला फट मिळत नाही. पुढे वाकल्यावर चेनचे खालचे टोक पोटात रुतत नाही, बाजूला राहते. जाकीट लांब असेल तर बसल्यावर ते मांडीवर आदळून वर चढते आणि गळ्याशी गोळा होते, म्हणून ते कमरेशी संपवायचे. म्हणजे ज्याला आपण फॅशन समजतो ते मुळात बसलेल्या माणसाचे माप आहे.

हे मला आता कळते. सुरुवातीला मी शिवणाच्या पुस्तकाबरहुकूम आरशासमोर ताठ उभी राहून मापे घेतली. छाती 33, तीरा 14, बाही 22. पुस्तकातल्या सूत्राने मुंढा 8 इंच आला. जाड कपडा आहे, आत स्वेटर असेल, हात मोकळा हलला पाहिजे, म्हणून मी तो स्वतःच्या शहाणपणाने 9 केला. त्या मापाने मांजरपाटाचे कच्चे जाकीट शिवले. खरे कापड कापण्याआधी मांजरपाटावर चूक करून घ्यावी, एवढी अक्कल मात्र होती. आरशात ते झकास दिसले.

आईने चुलीजवळूनच पाहिले. "गाडी काय हुभी राहून चालवती का तू?" ती म्हणाली आणि मला अंगणात नेऊन स्टँडवरच्या गाडीवर बसवले. हँडलला हात लावताच जाकीट पोटावरून तीन इंच वर आले, बाह्या मनगटाच्या मागे सरकल्या, पाठ तटतटली आणि छातीवर कापडाचा फुगा आला.

मग आईने टेप घेतला. तीरा उभ्याने 14, हँडल धरल्यावर साडेसोळा. मानेपासून कमरेपर्यंत पाठ उभ्याने 15, वाकल्यावर साडेसोळा. हात सरळ सोडून बाही 22, कोपरात वाकवून साडेतेवीस. पुढची छाती उलट एका इंचाने अरुंद झाली. एकच शरीर, पण गाडीवर त्याची मापे वेगळी.

सर्वांत मोठा प्रश्न मुंढ्याचा होता आणि तिथे माझा समज पार उलटा निघाला. मुंढा खोल तेवढा हात मोकळा, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मुंढा खोल असला की बाही धडाला काखेच्या बरीच खाली जोडली जाते. हात उचलला की ती धडाच्या कापडालाच ओढून वर नेते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात आपल्या जागी फिरतो आणि धड जागेवर राहते. आईला हे द्राक्षबागेने शिकवले. विरळणीला बायका दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभ्या असतात. ब्लाउजचा मुंढा खोल असेल तर दर वेळी पोट उघडे पडते आणि काखेत शिवण उसवते. म्हणून ती माप घेताना बाईला आधी म्हणते, "हात वर कर बरं." मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले. त्यात काही शास्त्र असेल, असे मला कधी वाटले नव्हते. आमचे घर म्हणजे ब्लाउजचे दुकान, हे मी कॉलेजात कुणाला सांगतही नसे.

कापलेला मुंढा परत भरता येत नाही. मांजरपाटावर मात्र आईने काखेत तुकडा जोडून तो साडेसातावर आणला. बाहीचा खांद्याकडचा उंचवटा कमी करून ती रुंद केली आणि कोपरात वाकलेली, दोन तुकड्यांची कापली. पाठीला दोन्ही खांद्यांमागे सव्वा-सव्वा इंचाची चुणी दिली; उभ्याने ती मिटते, हँडल धरले की उघडते. मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड इंच लांब ठेवली. छातीला ढिलाई एकूण 4 इंच. आता हँडल धरल्यावर जाकीट जेमतेम इंचभर उचलले जाई.

माझ्या आणि आईच्या पद्धतीत आणखी एक फरक होता. शिवणीच्या आत दाबायला जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पुस्तकात अर्धा इंच लिहिली आहे. आई बाजूच्या शिवणीला एक इंच सोडते, कारण बाई बाळंत होते, आजारातून उठते, अंग भरते आणि उतरते. ब्लाउज तोच राहतो.

कापड म्हणून जाड डेनिम घेतले, 58 इंच पन्ह्याचे 2 मीटर. आतून फ्लॅनेल आणि त्यावर आजीच्या जुन्या लुगड्याचे अस्तर. येथे स्पष्ट लिहायला हवे की हे जाकीट थंडीचे आहे, अपघाताचे नव्हे. शर्यतीच्या जाकिटाचे कातडे मिलिमीटरहून जाड असते, कोपर-खांद्यांत आघात झेलणारे संरक्षक तुकडे असतात. डेनिम रस्त्यावर क्षणात फाटते. हेल्मेट लागतेच आणि वेगही आवरावा लागतो.

एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण कॉलर आणि खांदे काळ्या रेक्झिनचे असावेत ही माझी हौस. रेक्झिनला टाचणी टोचता येत नाही, भोक कायमचे राहते. मी कपड्यांचे चिमटे लावले. इस्त्री चालत नाही. दुमड हातोडीने बसवली. ते पायाला चिकटते, म्हणून वर कागद ठेवून टीप मारली. इथवर ठीक. कॉलर जिथे धडाला जोडते तिथे रेक्झिनचे दोन, डेनिमचे दोन असे चार थर आले. सुई 16 नंबरची होती, 18 ची हवी होती. चाक हाताने फिरवत एकेक टाका घ्यायचा सोडून मी पाय मारला. सुई मोडली, तुकडा शटलमध्ये गेला, यंत्र कचकन थांबले.

ते लग्नसराईचे दिवस होते. आईकडे नऊ ब्लाउज होते, दोन नवरीचे. शटलचे टोक मोडले होते आणि तालुक्याहून कारागीर तिसऱ्या दिवशी आला. त्या तीन रात्री आई शेजारच्या काकूंच्या घरी, त्यांचे काम आटोपल्यावर, अकराला बसे. मी हुक, काज आणि हातशिलाई केली. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. दुरुस्तीचे पैसे मी द्राक्षांच्या पॅकिंगला जाऊन दिवाळीनंतर फेडले.

चेन लावण्याबद्दल थोडे. जाकिटाला खालून पूर्ण सुटणारी चेन लागते. ती लांब असेल तर वरून कमी करावी. खाली पेटी आणि खिळी असते, ती कापली की चेन गेली. आधी हाताने धावदोरा घालून, घालून पाहून, मग यंत्रावर टीप मारावी. कापड ताणून शिवले तर पुढची कड लाटेसारखी होते. माझी डावी कड अजून थोडी लाटेसारखीच आहे. कॉलरचे उजवे टोकही डाव्यापेक्षा पाव इंच आखूड आहे, आणि रेक्झिन उसवले तर भोके दिसतील म्हणून ते तसेच राहील.

या डिसेंबरात माझे सकाळचे दोनच तास बुडाले, तेही गाडी पंक्चर झाल्यामुळे. वडिलांनी गाडीचा विषय पुन्हा काढलेला नाही.

मांजरपाटाचे ते कच्चे जाकीट मी पोछ्याला टाकणार होते. आईने त्याला पुढे बटणे लावली. बागेत बायका साडीवर पुरुषांचा जुना शर्ट घालतात, ऊन आणि औषधाचा फवारा अंगावर येऊ नये म्हणून. त्या शर्टाऐवजी ती ते घालून जाऊ लागली. तिच्या टोळीतल्या दोघींनी तसेच हवे म्हणून सांगितले आहे. परीक्षेचा फॉर्म भरून झाला की रविवारी त्यांची मापे घ्यायची आहेत, हात वर करून.