रावळगावची गोळी : छोट्या वस्तूचा मोठा हिशेब



वर्गात कुणाचा वाढदिवस असला की पहिला तास संपता संपता एक पिशवी बाकांवरून फिरू लागते. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन गोळ्या पडतात. गोळी तोंडात जाते, कागद दप्तराच्या कप्प्यात जातो आणि पाच-सात मिनिटांत सारा कार्यक्रम आटोपतो. एवढ्याशा वस्तूचा काय अभ्यास करायचा, असे तुम्हाला वाटेल. पण या गोळीत ऊस पिकवणारे शेत आहे, कारखाना आहे, रसायनशास्त्र आहे आणि गणितही आहे. इतिहास तर आहेच. हे सारे आज आपण एका खऱ्या गोळीच्या आधाराने पाहू. ती गोळी म्हणजे रावळगावची गोळी.

गाव कुठले?

इंदूरहून सेंधव्याच्या घाटाने नाशिककडे जाताना धुळ्यानंतर मालेगाव लागते. या मार्गाने सुट्टीत मामाच्या गावी जाणारे तुमच्यात पुष्कळ असतील. रावळगाव याच मालेगाव तालुक्यातले, नाशिक जिल्ह्यातले गाव. एरवी जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक झाले नसते असे हे नाव भारतभर पोहोचले, ते गोळीच्या कागदावर बसून.

मालाला गावाचे नाव मिळणे आपल्याला नवे नाही. पैठणची पैठणी आणि कोल्हापूरची चप्पल आपण जाणतोच. गोळ्यांच्या धंद्यात अशी दोन नावे प्रसिद्ध झाली. एक मुंबईचे पार्ले. तिथे चौहान कुटुंबाने १९२९ साली गोळ्यांचा कारखाना सुरू केला. त्यांची बिस्किटे पुढे दहा वर्षांनी आली. दुसरे आपले रावळगाव.

जहाजे बांधणारा माणूस गोळीकडे कसा वळला?

शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापूरला झाला. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. समुद्रावरचा व्यापार तेव्हा इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होता, म्हणून त्या दिवसाचे महत्त्व मोठे. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स, असे एकामागून एक उद्योग त्यांनी उभे केले. जे परदेशातून येते ते इथे का होऊ नये, हा त्या सगळ्यामागचा एकच प्रश्न होता.

साखरेच्या बाबतीत हाच प्रश्न होता. ज्या देशात ऊस पूर्वापार पिकत आला, त्या देशात पांढरी दाणेदार साखर जावा बेटावरून बोटी भरभरून येत असे. १९३२ साली सरकारने बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि इथल्या कारखान्यांना बळ मिळाले. वालचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले आणि मालेगाव तालुक्यात १९३३ साली 'रावळगाव शुगर फार्म' ही कंपनी स्थापन केली. माळरानाची जमीन लागवडीखाली आणायची आणि त्याच ठिकाणी उसाची साखर करायची, अशी ती योजना होती.

१९४२ साली याच कंपनीने गोळ्या बनवायला सुरुवात केली. यामागचा विचार अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'मूल्यवर्धन' या शब्दाने सांगतात. साखर पोत्याने विकली जाते. एका कारखान्याची साखर आणि दुसऱ्याची साखर यांत गिऱ्हाईक फरक करत नाही, त्यामुळे भाव बाजार ठरवतो. पण त्याच साखरेला आकार, रंग, चव आणि नाव दिले की गिऱ्हाईक ती वस्तू नावाने मागते. पोत्यातल्या साखरेला ओळख नसते, कागदातल्या गोळीला असते.

खडीसाखर आणि गोळी

आता थोडे विज्ञान पाहू. देवळात प्रसादाला मिळणारी खडीसाखर आणि दुकानातली गोळी, दोन्ही मुख्यतः साखरच. मग एक पैलू पाडल्यासारखी आणि दुसरी काचेसारखी गुळगुळीत का?

साखरेचा पाक सावकाश निवू दिला की साखरेचे कण शिस्तीत एकमेकांशेजारी बसतात आणि स्फटिक तयार होतो. ती खडीसाखर. गोळीत मात्र कणांना रांगेत बसूच द्यायचे नसते. तुमच्या आजीला पाकाचे प्रकार विचारा. एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशी नावे ती सांगेल. पाक जसजसा उकळतो तसतसे त्यातले पाणी कमी होते आणि उष्णतामान वाढत जाते. गोळीसाठी हा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. तेव्हा त्यात शेकडा दोन-तीन भागच पाणी उरते. असा पाक भरकन निवला की कण जिथल्या तिथे अडकतात. ना रांग, ना पैलू. शास्त्रज्ञ याला काचेसारखी अवस्था म्हणतात. खिडकीची काच अशीच बनते, फरक एवढाच की ती वाळूपासून बनते आणि हिला मुंग्या लागतात.

यात दोन अडचणी येतात. पहिली अशी की नुसत्या साखरेचा पाक निवताना पुन्हा दाणेदार होऊ पाहतो. म्हणून त्यात द्रवरूप ग्लुकोज घालतात. ग्लुकोजचे कण साखरेच्या कणांच्या मध्ये येतात आणि रांग जमू देत नाहीत. दुसरी अडचण आंबटपणाची. लिंबूसत्त्व उकळत्या पाकात घातले तर साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि गोळी चिकट बनते. म्हणून पाक विस्तवावरून उतरवल्यावर, थोडा निवल्यावर लिंबूसत्त्व, रंग आणि स्वाद मिसळतात. मग कणकेसारखा मळून त्याची लांब दोरी ओढतात, तिच्यावर साचा दाबून गोळ्या पाडतात आणि लगेच कागदात गुंडाळतात. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. ही साखरेची काच हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात उघडी राहिलेली गोळी बोटाला चिकटते, ती म्हणूनच. गोळीचा कागद नुसता शोभेचा नाही, तो तिचा रेनकोट आहे.

तोंड न रंगवणारे पान

रावळगावच्या गोळ्यांत मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटीफ्रुटी असे प्रकार होते. पण सर्वांत नाव झाले ते 'पान पसंद'चे. जेवणानंतर पान खाणे ही आपली जुनी सवय. ती चव, तोंड न रंगवता, खिशात मावेल अशा गोळीत आणणे ही कल्पना साधी आणि अस्सल इथल्या मातीतली होती. संत्र्याची किंवा लिंबाची गोळी जगात कुठेही होईल. विड्याची गोळी आपल्याकडेच सुचायची.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर तिची जाहिरात लागे. एक मुलगी लग्नाला फटकन नकार देते. पान पसंद तोंडात टाकल्यावर तेच शब्द इतक्या गोडीने बोलते की नकाराचा होकार होतो. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना ती तोंडपाठ असेल. भाषेच्या तासालाही हे उदाहरण उपयोगी पडेल. शब्द तेच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो.

नाण्याचे गणित

आता या लेखातला मुख्य मुद्दा. गोळीची किंमत कोण ठरवतो? कारखानदार, असे तुम्ही म्हणाल. खरे पाहता ती ठरते तुमच्या मुठीतल्या नाण्याने.

रावळगावच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आणे म्हणजे २५ पैसे आणि आठ आणे म्हणजे ५० पैसे, ही बोली मात्र तशीच राहिली. महागाई वाढत गेली तसतशी लहान नाणी एकेक करून व्यवहारातून गेली. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून कायद्याने बंद झाली. ५० पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण दुकानात दिसणे विरळा. म्हणजे गोळी घ्यायची तर आज हातात रुपया हवा.

यातली अडचण एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एक गोळी ४ ग्रॅम वजनाची आहे आणि ५० पैशांना विकली जाते. एका किलोत २५० गोळ्या बसतात. त्यांची विक्री १२५ रुपयांची. याच १२५ रुपयांत साखर, ग्लुकोज, कागद, कोळसा-वीज, मजुरी, वाहतूक, कर, ठोक व्यापाऱ्याचा आणि किरकोळ दुकानदाराचा नफा, सारे भागवायचे. आता साखर किलोमागे ५ रुपयांनी महागली. वाढ एका गोळीवर वाटली तर २ पैसेही येत नाही. पण ५२ पैशांची गोळी विकणार कशी? २ पैशांचे नाणेच नाही. पुढची पायरी एकदम १ रुपयाची, म्हणजे दुप्पट. तितके गिऱ्हाईक देईलच असे नाही.

मग कारखानदार काय करतो? एक तर तोटा सोसतो, नाही तर गोळी बारीक करतो. ४ ग्रॅमची साडेतीन ग्रॅम केली की किलोत २५० ऐवजी सुमारे २८५ गोळ्या होतात. किंमत तीच, माल कमी. लहानपणीची गोळी मोठी होती असे वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा ते दर वेळी नुसत्या आठवणीची गोडी सांगत नसतात. कधी कधी ते गणितही सांगत असतात.

साबण महागला तर तो ३२ चा ३४ रुपये होतो. गोळीला ही सोय नाही. 'पै-पैचा हिशेब' हा वाक्प्रचार गोळीच्या धंद्याला अगदी शब्दशः लागू पडतो.

नाण्याशी गोळीचे आणखी एक नाते होते. 'सुट्टे नाहीत, गोळ्या घ्या' हे वाक्य आपण साऱ्यांनी दुकानात ऐकले आहे. त्या वेळी गोळी हेच नाणे होई. २०१६ मध्ये यूपीआय आले. मोबाईलवरून नेमकी रक्कम देणाऱ्या गिऱ्हाइकाला सुट्ट्यांची गरजच पडत नाही. काउंटरवरच्या बरणीकडे हात जाण्याचे एक कारण असे कमी झाले.

२०२४ चा सौदा

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव कंपनीने आपल्या गोळ्यांची बोधचिन्हे, पाककृती आणि त्यांवरचे सर्व बौद्धिक हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्स या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकले. जमीन, इमारती आणि यंत्रे या सौद्यात नव्हती. कंपनीने कारणे दिली ती अशी : संघटित आणि असंघटित उत्पादकांची वाढती स्पर्धा, कच्चा माल, ऊर्जा आणि मजुरी यांचा वाढलेला खर्च, आणि त्या प्रमाणात किंमत न वाढवता येणे. शेवटचे कारण पुन्हा वाचा. वर आपण जे गणित केले, तेच ते.

हे वाचून पुष्कळ मराठी घरांत लोक हळहळले. ते स्वाभाविक आहे. पण हळहळण्याबरोबर नीट पाहायलाही हवे. विकले काय गेले? साखर नाही, यंत्र नाही, जमीनही नाही. विकले गेले ते नाव, आणि चव कशी आणायची त्याचे ज्ञान. गोळी पाच मिनिटांत विरघळते, पण ऐंशी वर्षे जपलेल्या तिच्या नावाला २७ कोटींचे मोल आले. त्याच वेळी दुसरी बाजूही विसरू नये. नुसत्या नावावर धंदा टिकत नाही. गल्लीतल्या शेवटच्या टपरीपर्यंत माल पोहोचवणारी साखळी लागते, आणि एका पैशाचाही हिशेब चुकून चालत नाही. जहाजे आणि विमाने बांधू पाहणाऱ्याने स्थापलेल्या कंपनीलाही या हिशेबातून सुटका मिळाली नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वाढदिवसाला गोळी हातात आली की कागद उलगडण्याआधी तो वाचा. कुणी बनवली, कुठे बनवली, वजन किती आणि घटक कोणते, हे सारे त्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते. आणि हो, वाचून झाल्यावर कागद केराच्या टोपलीतच टाका!

स्वाध्याय

१. ३ ग्रॅम वजनाची गोळी १ रुपयाला विकली, तर १ किलो गोळ्यांची विक्री सुमारे किती रुपयांची होईल? आज बाजारात साखरेचा भाव काय आहे ते विचारून दोन्ही आकड्यांची तुलना करा. मधल्या फरकात कोणकोणते खर्च येतात, त्यांची यादी करा.

२. पावसाळ्यात एका बशीत खडीसाखरेचा खडा आणि दुसऱ्या बशीत कागद काढलेली गोळी चार दिवस उघडी ठेवा. (बशा पाण्याच्या ताटात ठेवा, म्हणजे मुंग्या येणार नाहीत.) रोज निरीक्षण लिहा आणि फरकाचे कारण सांगा.

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी कोणत्या गोळ्या मिळत आणि कितीला? उत्तरे कोष्टकात लिहून वर्गात आणा.

४. गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच वस्तू शोधा व ती गावे नकाशात दाखवा.