‘स्टार ट्रेक’ कुठून सुरू करू?

प्रश्न : बाबा अकोल्यात कॉलेजला असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ पाहायचे. आता निवृत्तीनंतर त्यांना ती माझ्यासोबत पाहायची आहे. पण मालिका दहाच्या वर, भाग शेकड्यांनी! कथेच्या काळाप्रमाणे अगदी पहिल्यापासून पाहावं लागेल का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : नाही ताई, मुळीच नाही. कथेचा काळ धराल तर 2001 ची ‘एंटरप्राइज’ आधी येते आणि बाबांच्या मालिकेतले कर्क-स्पॉक बरेच लांब राहतात.

दूरदर्शनवर लागायची ती 1966 ची मूळ मालिका. तीन सीझन, 79 भाग. बहुतेक गोष्टी त्याच भागात संपतात, त्यामुळे कुठूनही उचला. मी ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ सुचवेन. कॅप्टन कर्क 1930 च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो आणि मंदीत भुकेल्यांना सूप वाढणाऱ्या ईडिथवर त्याचा जीव जडतो. शेवट सांगत नाही. तो बाबांच्या शेजारी बसूनच पाहा. सेट पुठ्ठ्याचे वाटतील, पण पाच मिनिटांत विसराल.

मग 1987 ची ‘द नेक्स्ट जनरेशन’, तीही तिसऱ्या सीझनपासून. पहिले दोन कच्चे आहेत. ‘डीप स्पेस नाइन’ मात्र क्रमानेच पाहा, पुढे तिची कथा सलग चालते. ‘द रॅथ ऑफ खान’ हा सिनेमा लावण्याआधी मूळ मालिकेतला ‘स्पेस सीड’ पाहून घ्या, खान तिथलाच.

एक सांभाळा : या मालिका एका ओटीटीवरून दुसऱ्यावर जात असतात. हवी ती मालिका सध्या कोणत्या ओटीटीवर आहे, हे आधी शोधा आणि वर्षाचे पैसे न भरता एकाच महिन्याचे भरा.